आयुर्वृद्धीचे स्वप्न आणि यंत्रबुद्धीचे भय : एक चिकित्सा

रे कुर्झवाइल या अमेरिकन संशोधकांचा 'द सिंग्युलॅरिटी इज निअरर' हा ग्रंथ जून २०२४ मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्याच २००५ सालच्या 'द सिंग्युलॅरिटी इज निअर' या ग्रंथाचा हा पुढचा भाग होय. यंत्राची बुद्धी आणि माणसाचे आयुष्य या दोन विषयांसंबंधी आज जगभर ज्या आशा बाळगल्या जात आहेत आणि जी भीती व्यक्त होत आहे, त्या दोहोंचे इतके सलग प्रतिपादन अन्यत्र क्वचितच आढळते. म्हणून या ग्रंथाची चिकित्सा ही एका ग्रंथापुरती राहत नाही. ती एका विचारप्रवाहाची चिकित्सा ठरते. मरण म्हणजे काय आणि 'मी' म्हणजे कोण या प्रश्नांना धम्माने स्वतःचे उत्तर दिले आहे. तेव्हा या ग्रंथाकडे पाठ फिरविणे बौद्ध अभ्यासकाला शक्य नाही.

ग्रंथकार आणि प्रतिपादन

कुर्झवाइल हे केवळ स्वप्नरंजन करणारे लेखक नव्हेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. छापील मजकूर अंधांना वाचून दाखविणारे यंत्र त्यांनी १९७६ साली सिद्ध केले. ज्यांच्यासाठी ग्रंथांची दारे बंद होती त्यांना ती उघडून देणारे हे काम आहे, आणि शिक्षणाचे मोल जाणणाऱ्या समाजाने त्याचा आदरच केला पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये ते गूगल कंपनीत रुजू झाले.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. गणनयंत्रांची शक्ती ठरावीक काळात दुप्पट, चौपट, आठपट अशा घातांकी गतीने वाढत आली आहे. या गतीने २०२९ पर्यंत यंत्र मानवी पातळीची बुद्धी गाठेल. पुढे अतिसूक्ष्म यंत्रांच्या साहाय्याने मानवी मेंदू बाहेरच्या संगणकजालाशी जोडला जाईल, आणि २०४५ च्या सुमारास मनुष्य व यंत्र यांच्या संयोगातून आजच्या बुद्धीच्या लक्षावधीपट बुद्धी निर्माण होईल. या टप्प्याला ते 'सिंग्युलॅरिटी' म्हणतात. ज्ञात नियम जेथे लागू पडेनासे होतात अशा स्थितीसाठी भौतिकशास्त्रात वापरला जाणारा हा शब्द आहे.

आयुष्याविषयीचे त्यांचे भाकीत याच गणितावर उभे आहे. वैद्यक हे आता माहितीचे शास्त्र बनले असल्यामुळे तेही याच वेगाने पुढे जाईल, आणि एक काळ असा येईल की दर वर्षी सरणाऱ्या एका वर्षाच्या बदल्यात विज्ञान निदान एका वर्षाचे आयुष्य परत देईल. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तोडून निघण्यासाठी अग्निबाणाला जो वेग लागतो, त्याला आपण मुक्तिवेग म्हणतो. वृद्धत्वाच्या ओढीतून सुटण्याच्या या वेगालाही त्याच अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले आहे. अत्यंत दक्ष आणि माहितगार असे लोक २०३० च्या सुमारास या मुक्तिवेगाला पोहोचतील, असे कुर्झवाइल म्हणतात. 'दक्ष आणि माहितगार' ही विशेषणे वाचकाने लक्षात ठेवावीत.

आलेख आणि माणसे

या आशेला आधार मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रथिनांची त्रिमितीय रचना ओळखण्याचा प्रश्न जीवशास्त्राला अर्धशतक छळत होता. 'अल्फाफोल्ड' या प्रणालीने २०२० साली त्यात निर्णायक यश मिळविले, आणि २०२२ पर्यंत सुमारे २० कोटी प्रथिनांच्या अनुमानित रचना सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. या कार्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयरोगाची शक्यता वर्तविणाऱ्या संगणकप्रणालींच्या वापरास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशातील वाचकाने हे तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

परंतु वैद्यकाची प्रगती ही एक गोष्ट आणि मुक्तिवेग ही दुसरी. ज्यांच्या वयाची नीट शहानिशा झाली आहे अशा व्यक्तींमध्ये सर्वाधिक आयुष्य लाभलेल्या फ्रान्सच्या झान काल्माँ १९९७ साली १२२ व्या वर्षी मरण पावल्या. त्यानंतर संगणकाची शक्ती अनेक पटींनी वाढली. त्या वयाला मात्र कोणी पोहोचलेले नाही. एस. जे. ओल्शान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर एजिंग' या नियतकालिकात ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे की, सर्वाधिक आयुर्मानाच्या देशांतही १९९० नंतर आयुर्मानवाढीचा वेग मंदावला आहे. वृद्धत्वाची प्रक्रियाच रोखली गेली नाही, तर या शतकात आयुष्यात फार मोठी वाढ संभवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ती प्रक्रिया रोखण्याचे कामच यंत्रबुद्धी करील, असे कुर्झवाइल यावर म्हणू शकतील. पण मग ते अनुमान राहत नाही, ती श्रद्धा होते. आणि श्रद्धेला आलेखाचा आधार देता येत नाही.

याहून महत्त्वाचा आक्षेप वेगळा आहे. ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात साक्षरता, दारिद्र्य, आयुर्मान अशा अनेक बाबींचे आलेख देऊन जग कसे सुधारत गेले हे लेखक दाखवितात आणि त्याचे श्रेय मुख्यतः तंत्रज्ञानाच्या गतीला देतात. आपल्या देशाचे उदाहरण घेऊ. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सुमारे ७० वर्षे आहे. लस, प्रतिजैविके, क्षारसंजीवनी, अन्न आणि पाणी यांनी ही किमया केली. पण पाणी सर्वांपर्यंत आपोआप पोहोचले काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याची जी ओंजळ भरली, ती कोणत्या आलेखावर दाखविणार? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाचे त्यांनी केलेले समर्थन, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कामाचे तास कमी करण्यासाठी त्यांनी घेतलेले श्रम, हेही आयुष्य वाढविण्याचेच प्रयत्न होते. आलेखाची रेषा वर चढताना दिसते. ती वर ओढणारे हात त्यात दिसत नाहीत.

सरासरी हा शब्दही फसवा आहे. संगीता व्यास, पायल हाथी व आशिष गुप्ता यांचा भारतातील ९ राज्यांविषयीचा अभ्यास २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र त्या राज्यांत नाही. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान ४ वर्षांहून अधिक, तर दलितांचे ३ वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यात आढळले. आणि आर्थिक स्थितीतील फरकाने या तफावतीचा निम्माही उलगडा होत नाही, असेही दिसून आले. म्हणजे केवळ गरिबीमुळे नव्हे, तर जातीमुळेही माणूस लवकर मरतो. दक्ष आणि माहितगार लोकांना मुक्तिवेग लाभेल असे सांगणाऱ्या ग्रंथाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे की, जन्मामुळे जी वर्षे हिरावली गेली ती परत करणारा वेग कोणता?

नवे तंत्रज्ञान आरंभी महाग असते, पुढे ते स्वस्त होऊन सर्वांना मिळते, आणि भ्रमणध्वनी हा त्याचा दाखला, असे उत्तर कुर्झवाइल देतात. भ्रमणध्वनी खरोखरच सर्वांच्या हाती आला. पण तो खिशात असलेला माणूस आजही गटारात उतरविला जातो. मैला वाहून नेण्याच्या कामास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. गटार साफ करणारे 'बँडिकूट' हे यंत्र केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केले व २०१८ मध्ये ते वापरात आले. यासाठी २०४५ ची वाट पाहण्याचे कारण नव्हते. यंत्र उपलब्ध असतानाही माणूस मरतो, कारण त्या माणसाचा जीव यंत्रापेक्षा स्वस्त मानला जातो. किंमत उतरण्याचा नियम येथेही लागू झाला आहे. पण उतरली आहे ती माणसाची किंमत.

भीतीचा हिशेब

आशेप्रमाणेच भीतीचीही चिकित्सा केली पाहिजे. या दोघी एकाच घरात वाढल्या आहेत. 'सन मायक्रोसिस्टिम्स'चे सहसंस्थापक बिल जॉय यांची १९९८ साली एका परिषदेच्या निमित्ताने कुर्झवाइल यांच्याशी भेट झाली, आणि त्यांच्या आगामी ग्रंथाचे हस्तलिखित जॉय यांच्या वाचनात आले. ते वाचून कुर्झवाइल यांना जेथे उदय दिसत होता, तेथे जॉय यांना अस्त दिसला. यंत्रमानव, जनुकशास्त्र व अतिसूक्ष्म तंत्रज्ञान माणसालाच अनावश्यक करून टाकतील, असा इशारा देणारा त्यांचा लेख एप्रिल २००० च्या 'वायर्ड' मासिकात प्रसिद्ध झाला. पुढे मार्च २०२३ मध्ये अधिक शक्तिशाली प्रणालींची निर्मिती ६ महिने थांबवावी असे आवाहन करणारे पत्र निघाले. मे महिन्यात जेफ्री हिंटन यांनी गूगल सोडून धोक्याची सूचना दिली. त्याच महिन्यात अनेक अग्रगण्य संशोधकांनी व कंपन्यांच्या प्रमुखांनी एक निवेदन काढून यंत्रबुद्धीमुळे मानवजातीचा विनाश संभवतो असे म्हटले, आणि हा धोका महामारी व अण्वस्त्रयुद्ध यांच्या पंक्तीत बसविला.

कुर्झवाइल यांनी सातव्या प्रकरणात या संकटांचा विचार केला आहे, आणि तो प्रामाणिकपणे केला आहे. परंतु आशा आणि भीती या दोहोंत एक साम्य आहे, ते ध्यानात घेतले पाहिजे. दोन्हींचा कर्ता आणि भोक्ता 'मानवजात' असा एकवचनी आहे. मानवजात अमर होईल. मानवजात नष्ट होईल. ज्या समाजाला मानवजातीत गणले जावे म्हणूनच शतकानुशतके झगडावे लागले, त्याला हे एकवचन इतक्या सहजी स्वीकारता येत नाही. उद्याच्या विनाशाची चर्चा चालू असताना आजची हानी कोणाच्या वाट्याला येते? यंत्राने असभ्य व हिंस्र मजकूर लिहू नये म्हणून त्याला तसा मजकूर ओळखण्यास शिकवावे लागते. त्यासाठी तो आधी माणसांना वाचावा लागतो. हे काम केनियातील कामगारांकडून तासाला २ डॉलरपेक्षाही कमी मोबदल्यात करून घेण्यात आल्याचे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. पुराणातील समुद्रमंथनाची कथा आपल्याला ठाऊक आहे. दोर दोन्ही बाजूंनी ओढला गेला, अमृत मात्र एकाच पंक्तीला वाढले गेले. आणि दुसऱ्या पंक्तीतील एकाने ते मुखाशी नेले तेव्हा त्याचे मस्तक उडविण्यात आले. अमृताची कथा ज्यांनी लिहिली, त्यांनी वाटपाचा नियमही त्याच कथेत लिहून ठेवला आहे.

पित्याची प्रतिमा आणि दिव्याची ज्योत

ग्रंथातील सर्वांत हृद्य भाग कुर्झवाइल यांच्या वडिलांविषयीचा आहे. फ्रेडरिक कुर्झवाइल हे संगीतकार होते. ज्यू म्हणून जन्मल्याने त्यांना १९३८ साली नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडावे लागले. १९७० साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुत्राने त्यांची पत्रे, टिपणे व कागद जपून ठेवले आणि त्या लेखनाच्या आधारे, पित्याच्या शब्दांत उत्तरे देणारा एक संगणकीय संवादक तयार करविला. या कामात सहभागी झालेल्या त्यांच्या कन्या एमी कुर्झवाइल यांनी २०२३ साली यावर एक चित्रमय ग्रंथही लिहिला आहे. या प्रयत्नाची थट्टा करणे सोपे आहे. ती करू नये. मृत बालकाला उराशी धरून औषध मागत फिरणारी किसा गोतमी बौद्ध साहित्यात आहे, आणि तथागतांनी तिची थट्टा केली नव्हती.

मात्र येथेच ग्रंथाचा तात्त्विक पाया डळमळतो. 'मी' म्हणजे शरीरातील द्रव्य नव्हे, कारण ते सतत बदलते. 'मी' म्हणजे माहितीचा टिकून राहणारा आकृतिबंध, असे लेखक मानतात. परंतु माझ्या मेंदूची हुबेहूब नक्कल केली आणि मीही जिवंत राहिलो, तर ती नक्कल म्हणजे मी नव्हे, हेही ते मान्य करतात. उलट, मेंदूचे भाग एकेक करून बदलत नेले तर मी तोच राहतो, असे त्यांना वाटते. शेवटी उरणारी वस्तू दोन्हीकडे सारखीच असताना एकीकडे 'मी' आणि दुसरीकडे 'मी नव्हे', हा पेच त्यांनी मांडला आहे, सोडविलेला नाही.

धम्माच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला रथाच्या दाखल्याने समजावतात की, चाक, आस व जू यांहून निराळा असा रथ नसतो. पुढे रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला येतो. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत तीच नव्हे, आणि सर्वस्वी निराळीही नव्हे. कुर्झवाइल द्रव्याचे नित्यत्व नाकारून येथवर आले. पण शेवटच्या पायरीवर त्यांनी आत्मा आकृतिबंधाच्या नावाने पुन्हा आत घेतला. जो नित्य नाही त्याला नित्य करण्याचा हा खटाटोप आहे. म्हणूनच मरणावर विजय सांगणाऱ्या या ग्रंथात मरणाचे भय पानोपानी जाणवत राहते.

तृष्णा म्हणून सोडून द्यावे काय?

यावर एक सोपे उत्तर अनेकांच्या ओठांवर येईल : दीर्घायुष्याची इच्छा ही तृष्णा आहे, बौद्धाने तिचा त्याग करावा, विषय संपला. हे उत्तर स्वीकारता येत नाही. जे आहे ते निमूटपणे सोसावे हा उपदेश या देशात कोणी कोणाला केला आणि त्यासाठी पूर्वकर्माचा सिद्धांत कसा राबविला गेला, हे सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली आणि अवघ्या ५३ दिवसांनी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ छापून झालेला त्यांना पाहता आला नाही. त्यांना आणखी १० वर्षे मिळती तर, असे ज्याच्या मनात कधीच आले नाही असा आंबेडकरी माणूस विरळा. या इच्छेला तृष्णा म्हणण्याचे धाडस कोण करील?

यंत्राविषयीही बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचे खंडन केले आहे. त्यांचा युक्तिवाद असा : माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे असेल तर फुरसत हवी, आणि फुरसत यंत्रावाचून मिळत नाही. यंत्राचे दुष्परिणाम होतात, पण त्यांचे कारण यंत्र नव्हे. त्याचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणारी समाजरचना हे त्यांचे कारण होय. म्हणून यंत्र टाकून देऊ नये, रचना बदलावी. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद कुर्झवाइल यांच्या आशेला आणि जॉय यांच्या भीतीला एकाच वेळी उत्तर देतो. वृद्धत्वावरील संशोधनासाठी गूगलने २०१३ साली 'कॅलिको' ही कंपनी काढली. 'अल्टोस लॅब्ज' ही कंपनी २०२२ साली ३०० कोटी डॉलरच्या भांडवलावर उभी राहिली. या संशोधनातून औषध निघाले तर आनंदच आहे. ते कोणाच्या मालकीचे असेल, हा प्रश्न आलेख सोडवीत नाही. तो कायद्याने आणि चळवळीनेच सोडवावा लागतो.

रोहिणीचे पाणी

सिद्धार्थ गौतमाने वृद्ध, रोगी व प्रेत पाहून गृहत्याग केला, अशी परंपरागत कथा आहे. बाबासाहेबांनी ती नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर वृद्ध, रोगी वा मृत पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटणारे नाही, हा त्यांचा आक्षेप. तिच्या जागी त्यांनी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. या बदलाचा अर्थ खोल आहे. परंपरागत कथेतील राजपुत्राचा प्रश्न असा : मी म्हातारा होणार काय, मी मरणार काय? बाबासाहेबांच्या सिद्धार्थाचा प्रश्न असा : माणसे माणसांशी असे का वागतात, आणि हे थांबेल कसे?

कुर्झवाइल हे परंपरागत कथेतील राजपुत्राच्या जागी उभे आहेत. त्यांनी जरा, व्याधी आणि मरण पाहिले, आणि विलक्षण बुद्धिमत्तेने त्यांतून निसटण्याची वाट शोधली. पाण्याचा तंटा त्यांच्या ग्रंथात नाही असे नाही. पण तंत्रज्ञान स्वस्त झाले की तो आपोआप मिटेल असे त्यांना वाटते. या ग्रंथाची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

तरीही आपल्या तरुण अभ्यासकांनी, विशेषतः विज्ञान व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, तो अवश्य वाचावा. त्यातील माहिती मोलाची आहे, युक्तिवाद स्वच्छ आहे, आणि पुढील काही दशकांत ज्यांच्या हाती सत्ता व भांडवल राहणार आहे त्यांची मनोरचना त्यातून समजते. वाचताना प्रत्येक आलेखापाशी थांबून ही वर्षे कोणाची, असे विचारावे. तथागत ८० व्या वर्षी कुशिनारा येथे गेले, तेव्हा त्यांनी कोणी वारस नेमला नाही आणि स्वतःचे आयुष्यही लांबविले नाही. धम्म आणि विनय हेच शास्ते ठरविले. अपुरे राहिलेले काम एकाच माणसाचे आयुष्य वाढवून पुरे होत नाही. एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा लागतो. आणि तो लावणारा मनुष्य गटारात वा भुकेने अकाली मरणार नाही, याची तजवीज आधी करावी लागते.